मालगुडीतील अमेरिका : आर. के. नारायण यांच्या कथात्म साहित्यातील सांस्कृतिक वर्चस्वाचे स्वरूप

एखाद्या बलाढ्य राष्ट्राची प्रसारमाध्यमे, त्याची उत्पादने आणि त्याची जीवनशैली इतर समाजांच्या संस्कृतीत कशी शिरते, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समाजशास्त्र आणि माध्यमविद्या या दोन्ही क्षेत्रांत सातत्याने चर्चिला गेला. हर्बर्ट शिलर यांनी 1969 मध्ये अमेरिकन साम्राज्य आणि जनसंज्ञापन यांच्यातील नाते उलगडून दाखविले. आरिएल डॉर्फमन आणि आर्मां मातलार यांनी 1971 मध्ये चिलीत डोनाल्ड डकच्या चित्रकथांची चिकित्सा केली आणि मुलांच्या निरागस करमणुकीतही एक विशिष्ट अर्थव्यवस्था कशी गृहीत धरलेली असते, हे सांगितले. युनेस्कोने नेमलेल्या मॅकब्राइड आयोगाच्या 1980 च्या अहवालाने माहितीचा प्रवाह एकाच दिशेने वाहत असल्याची बाब जगासमोर ठेवली. पुढे जॉन टॉमलिन्सन, ईएन आंग, अर्जुन अप्पादुराई आदी अभ्यासकांनी या भूमिकेतील एकांगीपणा दाखवून दिला. ग्राहक अथवा प्रेक्षक हा केवळ रिकामे भांडे नसतो. तो समोर आलेल्या गोष्टीचा आपल्यापुरता अर्थ लावतो, असे त्यांचे म्हणणे होते.

या दोन भूमिकांमधील वाद अद्याप मिटलेला नाही. तो केवळ आकडेवारीने मिटणाराही नाही. कारण किती चित्रपट आयात झाले, कोणते शीतपेय किती खपले, हे मोजता आले तरी त्यामुळे माणसाच्या इच्छेत, भाषेत आणि लाजेत काय बदलले, हे मोजता येत नाही. ते सांगण्याचे सामर्थ्य कथात्म साहित्यात असते. या दृष्टीने म्हैसूर शहराचे भारतीय साहित्यातील योगदान लक्षणीय आहे. याच शहरात बसून आर. के. नारायण यांनी मालगुडी हे काल्पनिक गाव उभे केले. 'स्वामी अँड फ्रेंड्स' (1935) पासून पुढे अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनी या गावाचा वृत्तांत लिहिला. या गावात अमेरिका वारंवार येते. ती कधी चित्रपटतंत्राच्या रूपाने येते, कधी कॅमेरा घेऊन येते, कधी यंत्राच्या रूपाने येते, तर कधी खिशात शंभराची नोट घेऊन येते. या आगमनांचे स्वरूप तपासणे आणि त्यातून सांस्कृतिक वर्चस्वाविषयी काय हाती लागते ते पाहणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

1. म्हैसूर, मालगुडी आणि अमेरिकन प्रकाशनव्यवहार

मालगुडीतील अमेरिकेचा विचार करण्यापूर्वी अमेरिकेतील मालगुडीचा विचार करणे आवश्यक आहे. नारायण यांचा जन्म 1906 मध्ये मद्रास येथे झाला. वडील म्हैसूरच्या महाराजा कॉलेजिएट हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. स्वतः नारायण यांनी 1930 मध्ये म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातून पदवी घेतली. त्यांच्या पहिल्या कादंबरीला ग्रॅहम ग्रीन यांच्या प्रयत्नाने लंडनमध्ये प्रकाशक मिळाला, ही हकीकत सर्वज्ञात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश प्रकाशनव्यवहाराशी संपर्क तुटल्यावर त्यांनी म्हैसूर येथेच 'इंडियन थॉट' हे नियतकालिक काढले आणि पुढे त्याच नावाने स्वतःची प्रकाशनसंस्था चालविली. परक्या बाजारपेठेवर विसंबणाऱ्या लेखकाची अडचण त्यांना अनुभवाने ठाऊक होती, असा याचा अर्थ होतो.

1953 पासून मिशिगन स्टेट कॉलेजच्या मुद्रणालयाने त्यांची पुस्तके अमेरिकेत प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. या आवृत्त्यांत घडलेला एक बदल वरवर किरकोळ, परंतु वस्तुतः अर्थपूर्ण आहे. 'द इंग्लिश टीचर' (1945) ही कादंबरी अमेरिकेत 'ग्रेटफुल टू लाइफ अँड डेथ' या नावाने, तर 'मिस्टर संपत' (1949) ही 'द प्रिंटर ऑफ मालगुडी' या नावाने प्रसिद्ध झाली. मूळ शीर्षकांत वसाहतीतील एका सामान्य नोकरीचा आणि एका लबाड, लाघवी माणसाचा निर्देश होता. नव्या शीर्षकांपैकी पहिल्यात तत्त्वज्ञानाचा सूर आहे आणि दुसऱ्यात दूरच्या गावाचे आकर्षण आहे. इंग्रजी शिकवून पोट भरणारा भारतीय शिक्षक ही वसाहतवादाने निर्माण केलेली व्यक्ती आहे. नव्या शीर्षकाने तिला जीवनमृत्यूचे चिंतन करणाऱ्या पौर्वात्याच्या जागी बसविले. पुस्तकातील एकही घटना न बदलता पुस्तकाकडे पाहण्याची दिशा बदलता येते, हे या उदाहरणावरून ध्यानात येते. बाजारपेठेची सत्ता पुष्कळदा अशी मुखपृष्ठावरच काम करते.

येथे नारायण यांची स्थिती केवळ अन्याय सोसणाऱ्याची नव्हती, हेही नोंदविले पाहिजे. अमेरिकन वाचकाने त्यांना आर्थिक स्थैर्य आणि जागतिक कीर्ती दिली. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने 1956 मध्ये ते अमेरिकेला गेले आणि 'द गाइड' या कादंबरीचे लेखन त्यांनी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे केले. 1958 मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि 1960 चा साहित्य अकादेमी पुरस्कार तिला मिळाला. अकादेमीने इंग्रजी साहित्यकृतीस दिलेला तो पहिला पुरस्कार होय. मालगुडीच्या बाहेर जाऊन मालगुडीकडे पाहण्याची ही स्थिती कादंबरीच्या घडणीत कशी उतरली, हे आता पाहावयाचे आहे.

2. उपवास आणि कॅमेरा

'द गाइड'मागील बीज म्हैसूरच्या एका प्रत्यक्ष घटनेत आहे. 'माय डेज' (1974) या आत्मकथनात नारायण यांनी ती सांगितली आहे. म्हैसूर भागात भीषण अवर्षण पडले असताना पावसासाठी प्रार्थना योजण्यात आली. ब्राह्मणांनी उपवास करून गुडघाभर पाण्यात उभे राहून अकरा दिवस जप केला आणि शेवटी पाऊस आला. 'द गाइड'मध्ये ही घटना आली, पण तिचे रूप पालटले. वास्तवात विधी करणारे अनेक जण होते आणि तो शहराच्या वतीने होता. कादंबरीत तो एकट्या राजूचा झाला. रेल्वेचा वाटाड्या, नर्तकी रोझीचा व्यवस्थापक, खोट्या सहीबद्दल तुरुंगवास भोगून आलेला राजू मंगल गावाजवळच्या पडक्या देवळात बसतो. वेलान नावाचा भाबडा गावकरी त्याला साधू समजतो. भलताच निरोप गावात पोचल्यामुळे त्याच्यावर पावसासाठी उपवास करण्याची पाळी येते.

समूहाच्या विधीचे एका माणसाच्या पराक्रमात झालेले हे रूपांतर कादंबरी या साहित्यप्रकाराची गरज होती, हे खरे. परंतु वृत्तपत्र आणि कॅमेरा यांचीही तीच गरज असते. पाण्यात उभे असलेले अनेक लोक ही बातमी होते. उपाशी असलेला एक चेहरा हे चित्र होते. कादंबरीच्या अखेरच्या भागात नारायण यांनी हीच प्रक्रिया दाखविली आहे. वार्ताहर बातमी पाठवितो. आगगाड्या भरून माणसे येतात. दुकाने लागतात, चहाचा प्रचार सुरू होतो, सरकारी खात्यांचे प्रचारपट दाखविले जातात. अशा वेळी कॅलिफोर्नियाहून जेम्स जे. मलोन हा चित्रपट आणि दूरचित्रवाणीचे कार्यक्रम करणारा निर्माता आपल्या सामग्रीसह येऊन दाखल होतो.

मलोनने घेतलेली मुलाखत ही मालगुडीच्या वृत्तांतातील एक मार्मिक जागा आहे. त्याचे प्रश्न सौजन्याचे आहेत. त्यात उपहास नाही, द्वेष नाही. राजू नेहमीच योगी होता काय, उपवासाने जगातील युद्धे थांबतील काय, जातिव्यवस्थेचे काय झाले, असे ते प्रश्न आहेत. राजूची उत्तरे तुटक, बहुतांशी होकारार्थी आहेत. तो थकलेला आहे. मात्र मुलाखतीचा विनोद केवळ या थकव्यातून निर्माण होत नाही. प्रश्नांचा साचा अगोदरच तयार आहे आणि त्यात कोणतेही उत्तर बसते, हे तिचे मर्म आहे. मंगल गावातील विहिरी का आटल्या, गुरे का मेली, धान्याचा भाव कोणी वाढविला, हे मलोन विचारत नाही. अमेरिकन प्रेक्षकाला ज्या भारताची ओळख आहे, त्याच भारताविषयी तो विचारतो. योगी, जात आणि शांतता या तीन खुंट्यांवर तो राजूला टांगून ठेवतो.

येथे घटनांचा क्रम महत्त्वाचा आहे. मलोन येण्यापूर्वी, उपवासाच्या काळातच, राजूच्या मनात एक बदल घडून गेलेला आहे. अन्नाचा विचार निग्रहाने हाकलून देऊन आयुष्यात प्रथमच तो एखादी गोष्ट मनापासून करतो. तोपर्यंत त्याने केलेली प्रत्येक गोष्ट प्रेक्षकासाठी केलेली होती. प्रवाशांसाठी तो वाटाड्या झाला, रसिकांसाठी व्यवस्थापक आणि गावकऱ्यांसाठी साधू. कॅमेरा येतो तेव्हा सोंग संपून काही खरे सुरू झालेले आहे. आणि नेमके हेच कॅमेऱ्याला टिपता येत नाही. सोंग आणि श्रद्धा यांचे दृश्य एकच असते. म्हणून शेवटी राजू नदीच्या पाण्यात कोसळतो तेव्हा डोंगरात पाऊस पडत आहे की नाही, हे नारायण संदिग्धच ठेवतात. दृश्याच्या सर्वज्ञतेवर लेखकाने घातलेली ही मर्यादा आहे.

3. मालगुडीचे स्थलांतर

कादंबरीने ज्याविषयी सावध केले होते, तेच तिच्या चित्रपटाच्या बाबतीत घडावे हा योगायोग मोठा बोलका आहे. देव आनंद यांच्या नवकेतन संस्थेने अमेरिकन सहकार्याने 'द गाइड'ची हिंदी आणि इंग्रजी अशी दोन रूपे करण्याचे ठरविले. इंग्रजी रूपाचे दिग्दर्शक टॅड डॅनियलेव्स्की होते आणि पटकथेत नोबेलविजेत्या पर्ल बक यांचा सहभाग होता. 'मिसगाइडेड गाइड' या निबंधात नारायण यांनी या अनुभवाचे विनोदी आणि तरीही कटू वर्णन केले आहे. त्यांनी निर्मात्यांना म्हैसूरच्या परिसरातील नदी, देऊळ, खेडी अशी स्थळे हौसेने दाखविली. चित्रीकरण मात्र राजस्थानात, जयपूर-उदयपूरकडे झाले. रंगीत आणि रुंद पडद्याला साजेशी भव्यता म्हैसूरच्या साध्यासुध्या परिसरात नव्हती.

या स्थलांतराचा अर्थ केवळ भूगोलापुरता मर्यादित नाही. मालगुडी हे लहान गाव आहे आणि लहानपण हाच त्याचा गुण आहे. तेथील माणसांची पापे लहान, पराक्रम लहान आणि पश्चात्तापही लहान. भारत म्हणजे राजवाडे, वाळवंट आणि वाघ अशी प्रतिमा असलेल्या प्रेक्षकासाठी हे लहानपण अदृश्य ठरते. म्हणून ते काढून टाकावे लागते. इंग्रजी रूप अमेरिकेत चालले नाही. 1965 मध्ये आलेले विजय आनंद दिग्दर्शित हिंदी रूप मात्र लोकप्रिय झाले आणि त्याच्या कथेसाठी नारायण यांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. हिंदी रूपाच्या शेवटी पाऊस पडतो. म्हणजे कादंबरीतील संदिग्धता हिंदी चित्रपटालाही पेलली नाही. यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. साचा लादणारा पक्ष प्रत्येक वेळी परकाच असतो असे नाही. हॉलिवूडच्या भव्यतेचे माप मुंबईने स्वीकारले आणि त्या मापाने मग म्हैसूरला मोजले. वर्चस्व असे टप्प्याटप्प्याने, मधल्या केंद्रांमार्फत खाली उतरते. नारायण यांनी 'मिस्टर संपत'मध्ये हॉलिवूडच्या अनुभवाच्या बळावर मालगुडीच्या नव्या स्टुडिओत मानाची जागा मिळविणारा डी मेलो रंगविला, तेव्हाच या मधल्या माणसाची ओळख त्यांनी करून दिली होती. शिवाच्या तपोभंगाची कथा पडद्यावर आणू पाहणाऱ्या स्टुडिओला त्याच्याकडून तंत्रही मिळते आणि प्रतिष्ठाही.

याच्या उलट उदाहरण शंकर नाग यांच्या 'मालगुडी डेज' या मालिकेचे आहे. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर काम करून कन्नड चित्रपटसृष्टीत गेलेल्या या दिग्दर्शकाने 1980 च्या दशकात दूरदर्शनसाठी ही मालिका केली. चित्रीकरण आगुंबे येथे झाले आणि रेखाचित्रे नारायण यांचे धाकटे बंधू, म्हैसूरमध्ये जन्मून मुंबईत कीर्ती मिळविलेले आर. के. लक्ष्मण यांची होती. आगुंबे म्हणजेही म्हैसूर नव्हे. पण तेथे गावाचे लहानपण अबाधित राहिले. मूळ स्थळाशी निष्ठा आणि मूळ मापाशी निष्ठा या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि कलाकृतीच्या दृष्टीने दुसरी अधिक मोलाची आहे, असे या दोन रूपांतरांच्या तुलनेवरून म्हणता येते.

4. कथा लिहिणारे यंत्र

'द व्हेंडर ऑफ स्वीट्स' (1967) या कादंबरीत अमेरिका पाहुणी म्हणून येत नाही. ती घरचा मुलगा होऊन येते. जगन हा मिठाईचा दुकानदार गांधीजींचा अनुयायी आहे. तो सूत कातून खादी घालतो, दुकानात बसून गीता वाचतो. त्याचा मुलगा माली शिक्षण सोडतो, वडिलांनी दडविलेले पैसे परस्पर उचलतो आणि लेखनकला शिकण्यासाठी अमेरिकेस जातो. परत येतो तेव्हा त्याच्यासोबत ग्रेस ही तरुणी असते आणि कथा लिहिणाऱ्या यंत्राची योजना असते. पात्रे, कथानक, कळसबिंदू यांच्या कळा दाबाव्यात आणि कथा तयार व्हावी, असे ते यंत्र. अमेरिकन भागीदारांच्या सहकार्याने मालगुडीत त्याचा कारखाना काढावयाचा आणि जगनने त्यात भांडवल घालावयाचे, असा मालीचा आग्रह आहे.

कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा हे यंत्र ही विनोदी अतिशयोक्ती होती. आज संगणकाला चार शब्द सांगितले की तो कथा लिहून देतो. ही सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांत अमेरिकन कंपन्या आघाडीवर आहेत. अशा वेळी या प्रसंगाचे वाचन निराळे होते. तथापि नारायण यांना द्रष्टा ठरविण्यात फारसे हशील नाही. त्यांना यंत्रापेक्षा त्यामागची समजूत महत्त्वाची वाटत होती. मालीच्या दृष्टीने आपला देश मागासलेला आहे, कारण येथे कथा अजून माणसे सांगतात. रामायणासारख्या कथा आज्या पाठ सांगत आल्या, हा जगनचा युक्तिवाद त्याला कालबाह्य वाटतो. कथेच्या उत्पादनाचा वेग हा त्याने प्रगतीचा निकष मानला आहे. वर्चस्वाची ही सर्वांत सूक्ष्म पातळी होय. येथे परकी वस्तू विकत घ्यावी लागत नाही. आपल्याजवळ काय आहे ते मोजण्याचे माप तेवढे परके होते.

परंतु नारायण यांची कादंबरी स्वदेशी बाप आणि परदेशी मुलगा अशा सोप्या द्वंद्वावर थांबत नाही. माली अमेरिकेत असताना त्याची पत्रे जगनच गावभर सांगत सुटतो; तेथील निसर्गाच्या आणि वैभवाच्या हकिगती ऐकवून लोकांना दिपवितो. अमेरिकेचा मालगुडीतील पहिला प्रचारक खादीधारी जगनच आहे. गोमांस खाल्ल्याचा उल्लेख पत्रात येतो तेव्हा मात्र त्याला धक्का बसतो. शिवाय सत्याचा हा उपासक रोजच्या विक्रीतील काही रक्कम हिशेबाबाहेर ठेवतो आणि तिच्यावर कर भरत नाही. मालीच्या प्रवासाला जो पैसा कामी आला तो हाच दडविलेला पैसा होता. बाहेरून आलेली सत्ता घराच्या ज्या फटीतून आत शिरते, ती फट घरातल्यांनीच ठेवलेली असते, हे नारायण यांनी कोणतेही भाष्य न करता दाखविले आहे.

जगनचा प्रतिकारही पाहण्यासारखा आहे. तो भाषण करीत नाही. तो मिठाईचा भाव उतरवितो, जेणेकरून गरिबांच्या मुलांना ती मिळावी. लागलीच गावातील इतर मिठाईवाले हादरतात आणि त्याची समजूत घालण्यास येतात. यंत्राच्या योजनेने ज्यांची झोप उडाली नाही, ते स्वस्त मिठाईने अस्वस्थ होतात. शेवटी जगन चरखा घेऊन नदीपलीकडच्या बागेत निघून जातो. मात्र जाताना धनादेशाचे पुस्तक बरोबर ठेवतो आणि ग्रेसला परत जावयाचे असल्यास तिचे तिकीट काढून देण्याची तयारी दाखवितो. हा संन्यास आहे, पण हिशेब ठेवून घेतलेला. यास पराभव म्हणावे की शहाणपण, याचा निर्णय कादंबरी वाचकावर सोपविते.

5. मातीचा घोडा आणि भाषेचा प्रश्न

'अ हॉर्स अँड टू गोट्स' या दीर्घकथेत हा प्रश्न त्याच्या मूळ रूपात, म्हणजे दोन माणसांच्या देवघेवीत, उभा राहतो. मुनी हा एके काळी मोठा कळप असलेला, आता दोन शेळ्यांवर आलेला म्हातारा गावाबाहेरच्या मातीच्या घोड्याच्या पायथ्याशी बसला आहे. न्यूयॉर्कचा एक व्यापारी तेथे येतो. त्याला तमीळ येत नाही, मुनीला इंग्रजी येत नाही. अमेरिकन माणूस घोड्याचा सौदा करतो. मुनी घोड्यातून प्रगटणाऱ्या कल्की अवताराची कथा सांगतो. शेवटी शंभर रुपये हातात येतात तेव्हा मुनीला वाटते की शेळ्या विकल्या गेल्या. तो आनंदाने घरी जातो. घोडा गाडीवर चढतो आणि शेळ्या मुनीच्या मागोमाग घरी परततात.

या कथेचे कौतुक बहुधा परस्पर गैरसमजाची सुखांतिका म्हणून होते. दोघेही समाधानी, कोणाचेच नुकसान नाही, असा तिचा अर्थ लावला जातो. परंतु एक पक्ष या व्यवहारात मोजलाच गेलेला नाही, आणि तो म्हणजे गाव. घोडा मुनीचा नव्हता. तो गावाच्या वेशीवरचा राखणदार होता आणि त्याची कथा गावाच्या स्मृतीचा भाग होती. अमेरिकन माणूस सभ्य आहे, उदार आहे आणि त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने मालकाला पैसे दिले आहेत. प्रत्येक वस्तूला एक मालक असतो आणि प्रत्येक मालकाची एक किंमत असते, हे त्याचे गृहीत आहे. सर्वांच्या मालकीची, म्हणूनच कोणालाही विकता न येणारी वस्तू त्याच्या कोशात नाही. त्याच्या दिवाणखान्यात घोडा पोचेल. त्याच्यासोबत कल्कीची कथा मात्र जाणार नाही. वस्तू जाते आणि अर्थ मागे राहतो. पण ज्याच्याकडे बोट दाखवून अर्थ सांगावा, ती वस्तूच आता नाही.

याहून खोल प्रश्न कथेच्या भाषेचा आहे. मुनीचे तमीळ बोलणे आणि अमेरिकनाचे इंग्रजी बोलणे ही दोन्ही नारायण यांनी इंग्रजीतच लिहिली आहेत. परिणामी त्या दोघांनाही न कळणारी गोष्ट इंग्रजी वाचकाला पूर्ण कळते. विनोद त्याच्यासाठी आहे. अमेरिकनाला प्रत्यक्षात जे अप्राप्य राहिले, ते मुनीचे मनोगत, अमेरिकन वाचकाला पुस्तकाच्या किमतीत सहज मिळाले. हा घोडाही एका परीने समुद्रापार गेलाच. भालचंद्र नेमाडे यांनी 'साहित्यातील देशीयता' या निबंधातून आणि अन्यत्र इंग्रजीतून लिहिणाऱ्या भारतीय लेखकांविषयी जे आक्षेप घेतले, त्यांचे बळ अशा ठिकाणी जाणवते. मात्र त्या आक्षेपांत एक भर घालणे अवश्य आहे. ही कथा आपल्या या अवस्थेविषयी अनभिज्ञ नाही. भाषा न कळताही पैसा कसा 'बोलतो' याचीच ती कथा आहे आणि आपण कोणत्या भाषेत सांगितले जात आहोत, याचे भान तिच्या विनोदात दडलेले आहे.

मराठी अनुवादाच्या संदर्भात हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. मुनीचे बोलणे मराठीत आणल्यास ते इंग्रजीपेक्षा अधिक घरचे वाटेल. कल्कीची कथा, म्हाताऱ्याची कुरकुर, बायकोचा धाक यांना मराठीत तयार बोली आहेत. अमेरिकनाच्या बोलण्याचे काय करावयाचे, हा खरा पेच आहे. तेही मराठीत आणले तर दोन भाषांमधली दरी नाहीशी होते. ते देवनागरीत, पण इंग्रजीच ठेवले, तर ज्या मराठी वाचकाला इंग्रजी येते तो अमेरिकनाच्या शेजारी बसतो आणि ज्याला येत नाही तो मुनीच्या शेजारी. अनुवादकाने कोणताही पर्याय स्वीकारला तरी तो आपल्या वाचकाची सामाजिक जागा ठरवीत असतो. मूळ कथेने झाकून ठेवलेली सत्ताविषमता अनुवादात अशी उघडी पडते.

6. विनोदाच्या मर्यादा

नारायण यांच्या या लेखनाची मर्यादाही निश्चित केली पाहिजे. त्यांच्या कथांतील अमेरिकेला चेहरा आहे, नाव आहे, स्वभाव आहे. मलोन, ग्रेस, न्यूयॉर्कचा व्यापारी ही सारी सहृदय माणसे आहेत. ग्रेस तर जगनच्या घराची उठाठेव मालीपेक्षा अधिक आस्थेने करते. व्यक्तीच्या चांगुलपणाने व्यवस्थेचा निवाडा करू नये, ही नारायण यांची समज सूक्ष्म आहे. तथापि व्यवस्था जेव्हा चेहरा टाकून देते, तेव्हा हा विनोद अपुरा पडू लागतो.

1977 मध्ये भारत सोडून गेलेली कोका-कोला कंपनी 1993 मध्ये परतली. 1996 मध्ये मॅकडोनाल्ड्सची भारतातील पहिली उपाहारगृहे उघडली. 1991 नंतरच्या या काळात बाजारपेठेचे बोलावणे दारावर थाप देऊन येत नाही. ते घरातल्या पडद्यावरूनच येते. या काळाचे चित्रण करणाऱ्या सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' (2002) या कादंबरीत कोणी परदेशी पाहुणा गावात येत नाही. विदर्भातील उच्चशिक्षित, बेकार, शेतीत अडकलेल्या एकनाथच्या आयुष्यावर ज्या शक्ती परिणाम करतात, त्यांच्याशी बोलता येत नाही, भांडता येत नाही आणि गैरसमजही करून घेता येत नाही. गैरसमजासाठीसुद्धा समोर माणूस असावा लागतो. मुनीला निदान शंभराची नोट देणारा हात दिसला होता. म्हणूनच 'बारोमास'चा सूर विनोदाचा न राहता घुसमटीचा होतो. या दोन लेखनपद्धतींतील अंतर केवळ दोन लेखकांच्या प्रकृतींचे नाही. वर्चस्वाच्या दोन अवस्थांचे आहे.

याचा अर्थ नारायण यांची दृष्टी कालबाह्य झाली असा मात्र नाही. म्हैसूर शहराचाच दाखला पाहता येईल. 1930 च्या दशकात तेथील जगनमोहन राजवाड्यात तिरुमलाई कृष्णम्माचार्य राजाश्रयाने योग शिकवीत. त्यांचे शिष्य पट्टाभी जोईस यांच्याकडे 1970 च्या दशकापासून अमेरिकन विद्यार्थी येऊ लागले. 1975 मध्ये जोईस स्वतः कॅलिफोर्नियास गेले. आज जगभरातील योगवर्गांत 'म्हैसूर शैली' हा शब्द प्रचलित आहे. एका शहराचे नाव एका पद्धतीचे नाव झाले आणि ती शिकण्यासाठी परदेशी साधक म्हैसूरला येऊ लागले. त्यांच्या राहण्याजेवण्याच्या सोयीवर शहरातील अनेकांचा चरितार्थ चालू लागला. येथे कोण कोणाला घडवीत आहे, हे एका वाक्यात सांगता येत नाही. राजूला साधू करणारे वेलान आणि राजूला चित्र करणारा मलोन हे दोघेही या व्यवहारात उपस्थित आहेत. आणि राजूप्रमाणेच एखादा साधक त्यातही मनापासून काही करीत असेल, ही शक्यता नाकारता येत नाही.

सारांश, नारायण यांच्या साहित्यातून सांस्कृतिक वर्चस्वाविषयी तीन गोष्टी हाती येतात. पहिली, हे वर्चस्व वस्तूंपेक्षा साच्यांच्या आणि मापांच्या रूपाने अधिक टिकाऊ होते; प्रश्नावली, शीर्षक, पडद्याची रुंदी, यंत्राच्या कळा ही त्याची साधने आहेत. दुसरी, ते स्थानिक इच्छेच्या आणि स्थानिक लबाडीच्या साहाय्यावाचून रुजत नाही. म्हणून त्याची चिकित्सा ही आत्मचिकित्सा झाल्याखेरीज पुरी होत नाही. तिसरी, या व्यवहारात जे हरवते ते बहुधा कोणाच्याच मालकीचे नसते आणि त्यामुळे त्याची तक्रार करण्यास कोणी पुढे येत नाही. वेशीवरचा घोडा, समूहाची प्रार्थना, आजीने सांगितलेली कथा ही अशी बेवारस संपत्ती आहे.

10 ऑक्टोबर 2014 रोजी, नारायण यांच्या जन्मदिनी, गूगल या अमेरिकन कंपनीने आपल्या भारतातील मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले. शिवमोग्गा जिल्ह्यातील अरसाळू रेल्वेस्थानकात मालिकेच्या स्मरणार्थ मालगुडी संग्रहालय उभे राहिले. म्हैसूरच्या यादवगिरी भागातील त्यांचे घर जतन करण्यात आले आहे. या तीन स्मारकांपैकी पहिले एका दिवसाचे होते, दुसरे पडद्यावरच्या मालगुडीचे आहे आणि तिसरे लेखकाचे आहे. कादंबऱ्यांतील मालगुडीचे स्मारक यांपैकी एकही नाही. ते ज्या भाषेत लिहिले गेले तिच्यापलीकडे, कन्नड, तमीळ, मराठी अशा भाषांत किती मनापासून वाचले आणि पारखले जाते, यावर त्याचे भवितव्य अवलंबून आहे. मातीचा घोडा परत आणता येत नाही. कल्कीची कथा मात्र आपल्या भाषेत पुन्हा सांगता येते, आणि समीक्षेने निदान एवढी जबाबदारी स्वीकारावयास हवी.